वाचून दाखवा, मग अंगठा

सेतू केंद्रातल्या संगणकाचं तोंड चालकाकडे असतं. टेबलापलीकडे बसलेल्या शेतकऱ्याला त्याची पाठ दिसते आणि मागून लोंबणाऱ्या वायरी दिसतात. तासगाव, विटा, दहिवडी, वडूज, कुठल्याही तालुक्याच्या गावी जावं, मांडणी हीच. २०२५ च्या उन्हाळ्यात या टेबलांना महत्त्व आलं, कारण १५ एप्रिलपासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, लोकांच्या बोलण्यातला ‘फार्मर आयडी’, सक्तीचा झाला. चालक आधार क्रमांक टाकतो आणि म्हणतो, “तात्या, आकडा आला असंल, सांगा.” आकडा गेलेला असतो मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा असतो भोसरीला, पहिल्या पाळीत. फोन लागतो, मागे यंत्रांचा घरघराट, सहा आकडे ओरडून सांगितले जातात. गट नंबर जुळतात. शेवटी एका चौकटीत खूण पडते, पुन्हा एक आकडा मागवला जातो आणि अर्ज दाखल होतो.

त्या चौकटीशेजारी मजकूर असतो. माझी माहिती घ्यायला, पडताळायला आणि संबंधितांना द्यायला माझी संमती आहे, अशा आशयाचा. कागदोपत्री तात्यांनी दिलेली संमती ती हीच. मजकूर पडद्यावर होता, पण पडदा चालकापुढे होता. खूण चालकाने केली. आकडा मुलाने सांगितला. तात्या सगळा वेळ तिथेच बसले होते.

यात चालकाला दोष देता येणार नाही. रांग दारापर्यंत आलेली असते, सर्व्हर अडतो, वीज जाते, आणि तरीही तो एकेका खातेदाराचं काम तडीस नेत असतो. अडचण त्याच्याही आधी, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर सुरू होते. त्याने डोळ्यांसमोर धरलेला माणूस स्वतःचा फोन स्वतःच्या हातात घेऊन निवांत बसलेला असतो, त्याला वाचता येतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर त्याचं काही अडणार नसतं. माण-खटावात किंवा जत-आटपाडीत असा माणूस शोधायला बराच हिंडावं लागेल.

आणि या मुलखात हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या कुणब्यांनी तो फार मोठ्या आवाजात विचारला होता.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. तिथून ही दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरली. इतिहासाच्या पुस्तकात ती ‘दख्खनचे दंगे’ म्हणून भेटते. दंग्यात मागणी होती ती कागदांची. रोखे, खतं, गहाणखतं बाहेर आणा. जिथे सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. चावडीसमोर कागदांची होळी झाली आणि माणसं घरी गेली. त्या कागदांखाली कुणब्याची निशाणी असे, बहुतेकदा नांगराची छोटी आकृती. वर काय लिहिलंय हे ती काढणाऱ्याला कळत नसे. मुद्दल किती, व्याज कितीचं, मुदत केव्हाची, हे सावकाराच्या वहीला ठाऊक आणि सावकाराला ठाऊक. मूळ घराणं साताऱ्याच्या कटगुणचं असलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अडाणी शेतकऱ्याला कागदावर कसं नागवलं जातं ते याच काळात मांडलं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. सुरुवातीला तो चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सोलापूर, अहमदनगर आणि सातारा. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे हा कायदा या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक वारसा आहे.

त्यातलं एक प्रकरण आज सॉफ्टवेअर घडवणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त सावकाराच्या ओसरीवर लिहून चालणार नाही, असं या कायद्याने ठरवलं. त्यासाठी ग्राम-निबंधक नेमले. दोन्ही पक्षांनी त्याच्यापुढे यायचं. त्याने आधी समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करायची, मग दस्त स्वतः लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यानंतर सही किंवा निशाणी. असं झालं नसेल तर तो कागद न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहणार नाही. शिवाय पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. वाचून दाखवणारा तिऱ्हाईत, वाचन झाल्यावरच निशाणी, आणि हिशेबाची प्रत ऋणकोच्या हातात. १८७९ साली!

या कायद्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण खरं शिक्षण तिथे आहे. सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत मागायला सुरुवात केली. दस्त विक्रीचा, तोंडी बोली मात्र अशी की कर्ज फिटलं की जमीन परत. निबंधक विक्रीचा दस्त मोठ्याने वाचून दाखवी, शेतकरी मान हलवी आणि निशाणी करी. त्याला सगळं समजलेलं असे. पण घरात बियाण्याला पैसा नाही आणि पाऊस तोंडावर, अशा वेळी समजूनही तो काय करणार? शेवटी कायदा दुरुस्त करून दस्तामागचा खरा व्यवहार काय होता हे तपासायची मुभा न्यायालयांना द्यावी लागली. गरज दारात उभी असली की वाचून दाखवणंही अपुरं पडतं. आजच्या संमतीच्या चर्चेत हीच गोष्ट सर्वांत लवकर विसरली जाते.

मराठी दस्तांची भाषा मात्र हे कधी विसरलेली नाही. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो’ हे शब्द घरातल्या पेटीत जपलेल्या कुठल्याही खरेदीखतात सापडतील. पोलिसांपुढच्या जबाबाच्या शेवटी असतं, ‘मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ ऑगस्ट २०२३ मध्ये देशाला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मिळाला. त्याने संमतीला पाच विशेषणं लावली: मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. शिवाय ती स्पष्ट कृतीतून दिसली पाहिजे. राजीखुशी म्हणजे मुक्त, अक्कलहुशारी म्हणजे माहितीपूर्ण. आपल्या आजोबांच्या खरेदीखतात यातलं बरंचसं होतं.

नव्या कायद्यात काही गोष्टी फार चांगल्या आहेत. माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. वाद झाला तर संमती रीतसर घेतली होती हे कंपनीने सिद्ध करायचं. कायद्यात एक उदाहरणही आहे: दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि जोडीला फोनमधली संपर्क यादीही मागितली, माणसाने दोन्हींना हो म्हटलं, तरी ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल. औषध सांगायला मावशीचा नंबर लागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि मुख्य बंधनं लागू होण्यासाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली.

जगात याआधी बरंच घडून गेलंय. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे. फ्रान्सच्या यंत्रणेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला, कारण कुकीज स्वीकारायला एक टिचकी पुरत होती आणि नाकारायला अनेक लागत होत्या. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांचे तेरा प्रकार नोंदवले. पण हे सगळे निर्णय पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठीचे आहेत. पडद्यामागे बसलेल्या तात्यांबद्दल त्यांत फारसं काही नाही. मराठीत ‘वाचण्याची’ सोय द्या म्हटल्याने वाचून ‘दाखवण्याची’ जबाबदारी कुणावरच येत नाही.

वाचता येत नाही म्हणजे कळत नाही, असा समज या चर्चेत हळूच शिरतो. त्याला उत्तर माण तालुक्यात आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांनी सहीऐवजी अंगठे उमटवले होते. बायका साक्षरता वर्गात बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा आणि आम्ही तुमच्या अधिकाऱ्यांइतक्या भराभर काढतो की नाही बघा, असं त्यांनी सुनावलं. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना काय हवं होतं? त्यांच्या पैशाचं काय होणार हे त्यांना कळेल अशा रीतीने, म्हणजे आकड्यांत आणि तोंडी, समोर मांडलेलं हवं होतं. तेवढं झालं की त्या कुणालाही ऐकणाऱ्या नव्हत्या.

याच बँकेच्या बायकांनी पुढे कार्डाच्या पिन क्रमांकावर हरकत घेतल्याची हकिगत चेतनाताई जाहीर भाषणांतून सांगतात. पिन कुणीही चोरेल, माझा अंगठा कोण चोरणार, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी ते अगदी बरोबर होतं. नंतर काही राज्यांत जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून, कृत्रिम बोटं बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघड झाले आणि आधार प्राधिकरणाला ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा बसवावी लागली. घरच्या जमिनीच्या दस्तावर विश्वासाने उमटवलेला ठसा, त्यातून असं काही निघेल हे कुणाच्या मनातही आलं नसेल. माहिती एकदा दिली की तिचं पुढचं आयुष्य देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

सावकारही बदललाय. मोबाईलवर दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपनी तारण म्हणून जमीन मागितली नाही. त्यांनी संपर्क यादी मागितली. हप्ता चुकला की बहिणीच्या सासरी, कामाच्या ठिकाणी, शेजाऱ्याला फोन. देशभरातून तक्रारी आल्या, आत्महत्या झाल्या. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला आणि २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत सरळ सांगितलं की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाईली, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, ठिकाण हे फक्त एकदा, ओळख पटवण्यापुरतं आणि स्पष्ट संमतीने. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या दुकानातल्या कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो बंद केले.

इथे रिझर्व्ह बँकेने जे केलं ते नीट बघावं. संपर्क यादीसाठी अधिक चांगली, अधिक मोठ्या अक्षरातली संमती घ्या, असं ती म्हणाली नाही. तिने ती वस्तू व्यवहारातूनच काढून घेतली. दवाखान्याचं बिल भरायला रात्री अकरा वाजता पैसे शोधणारा माणूस कशालाही हो म्हणणार, हे तिने गृहीत धरलं. १८७९ च्या खरेदीखतांचा धडा एकशे त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या दारातून आत आला.

संमतीचा तिसरा, सर्वांत अवघड चेहरा याच भागाने पाहिला आहे, आणि तो गरोदर बाईच्या पोटाशी निगडित आहे.

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या; शेजारच्या सांगलीची स्थिती फारशी वेगळी नव्हती. साताऱ्यात १९९० पासून दलित महिला विकास मंडळाचं काम उभं करणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियाना’तून गर्भलिंग निदान करणाऱ्या डॉक्टरांना पुराव्यासह पकडायला सुरुवात केली. पुरावा मिळवण्याचा मार्ग एकच होता: गरोदर स्त्रीने स्वतः पुढे यायचं, सगळं समजून घ्यायचं, आणि छुपा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक सोबत घेऊन त्या खोलीत शिरायचं. आपलं पोट, आपलं नाव आणि आपला आवाज उद्या न्यायालयात नोंद होणार हे ठाऊक असून अशा स्त्रिया गेल्या. संमती या शब्दाला इतकं वजन क्वचितच येतं. वर्षाताईंना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, त्यात या अनाम स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, जे पुढे बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, यांनी वेगळी वाट धरली. मार्च २०११ च्या आदेशाने त्यांनी सोनोग्राफी केंद्रांना प्रत्येक तपासणीचा ‘फॉर्म एफ’ ऑनलाइन भरायला सांगितलं आणि यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडायला लावलं. तपासणी चालू असताना पडद्यावर जे दिसतं ते हे उपकरण साठवून ठेवतं. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली. त्यांचा मुद्दा वजनदार होता: ही रुग्णाच्या शरीराची चित्रं आहेत, तिची गोपनीयता कुठे राहिली?

ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. त्यामागची कारणं तत्त्वाइतकीच रचनेची आहेत. उपकरणातली चित्रं कुठल्याही सर्व्हरवर पाठवली जात नाहीत, ती यंत्रातच राहतात. आणि उपकरण उघडायचं ते जिल्हाधिकारी किंवा शल्यचिकित्सकांच्या सांगण्यावरून, त्या केंद्राच्या डॉक्टरसमोर. म्हणून गोपनीयतेचा भंग होत नाही, असं न्यायालय म्हणालं. सर्व्हर नाही आणि एकट्याने उघडणं नाही, एवढ्या दोन मर्यादांनी निकालाचं पारडं झुकवलं. इथे बाईची संमती विचारलेली नाही, कारण त्या खोलीत तिची संमती बहुधा सासूची, नवऱ्याची, घराण्याची असते. तिला न विचारता तिची माहिती घ्यायची, तर निदान ती कुठे जाणार नाही याची भिंत यंत्रातच बांधायची. सॉफ्टवेअरच्या जगात असा विचार अजूनही दुर्मीळ आहे.

ऑनलाइन ‘फॉर्म एफ’बद्दल इतकं निर्धास्त राहता येत नाही. त्यात बाईचं नाव, पत्ता, मोबाईल, आणि आधीच्या मुलामुलींची संख्या व वयं असतात. ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ या निवेदनाखाली तिची सही किंवा अंगठा असतो. अंगठा असेल तर तो कुणाचा हे ओळखणाऱ्याचं नाव, नातं आणि सही त्याखाली लागते. दोन मुली असलेल्या तिसऱ्यांदा गरोदर बाईची नोंद तपास यंत्रणेच्या उपयोगाची आहे, पण ती चुकीच्या हाती गेली तर त्याच बाईच्या जिवावर बेतेल. आणि नोंदणी झालेल्या यंत्रांवर नजर ठेवून सगळं साधत नाही, हेही सांगलीनेच पाहिलं: मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

‘फॉर्म एफ’ ज्याखाली भरला जातो त्या १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात, पोटातून नमुना घेणाऱ्या चाचण्यांसाठी, संमतीचं एक कलम आहे. चाचणीचे दुष्परिणाम बाईला सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची, आणि तिची प्रत तिच्या हातात द्यायची. ग्राम-निबंधकाची सावली इथवर पोचली आहे.

आता पुन्हा शेताच्या बांधावर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतकरी स्वतः पिकाचा फोटो काढून सातबारावर नोंद करतो. ॲप कॅमेरा मागतं, ठिकाण मागतं, आणि ते रास्त आहे; गट नंबरात उभं राहिल्याशिवाय पिकाची नोंद कशी होणार? या ॲपच्या पुढच्या आवृत्तीत दोन गोष्टी आल्या, ज्यांचं कौतुक व्हायला हवं. एका मोबाईलवरून पन्नास खातेदारांची नोंद करता येते. फोन घराचा, भावकीचा, कधी आळीचा असतो, हे कुणीतरी मान्य केलं. आणि केलेली नोंद ४८ तासांत बदलता येते. चुकलं तर परत फिरायला दोन दिवस. सावकाशीची ही बुद्धी महसूल खात्याची जुनीच आहे: फेरफाराची नोंद धरली की संबंधितांना नोटीस, चावडीवर प्रत, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि मगच मंडळ अधिकाऱ्याची सही. पंधरा दिवसांत मुंबईचा भाऊ गावी येतो, कुणीतरी कुणाला वाचून दाखवतं, पारावर चर्चा होते. ‘हरकत’ या शब्दाला तिथे जागा आहे.

सातबारा तर पहिल्यापासून उघडाच; कुणाची किती जमीन, कुणावर किती बोजा, गावाला ठाऊक असतं. नवी गोष्ट ही की सातबारा, आधार, मोबाईल आणि पीक आता एका क्रमांकाखाली एकत्र येत आहेत. आणि सरकारी लाभासाठी माहिती वापरताना दरवेळी नव्याने संमती घेण्याची गरज नाही, अशी तरतूद नव्या कायद्यातच आहे. म्हणून सेतू केंद्रातली ती पहिली खूण फार मोलाची. तिच्यानंतर तात्यांना कुणी विचारेलच असं नाही. तिथे मराठीतला चार ओळींचा मजकूर संगणकाने मोठ्याने बोलावा, खूण त्यानंतरच उमटावी, आणि काय दिलं, कुणाला दिलं, परत कसं घ्यायचं याची छापील चिठ्ठी निघावी, यात तंत्राची अडचण काहीच नाही. दुसऱ्याच्या हाताने केलेली नोंद तशीच, दुसऱ्याच्या हाताने केलेली म्हणून, नोंदवण्यातही ती नाही. फॉर्म एफवर अंगठा ओळखणाऱ्याची सही लागतेच की!

पहाटे पाच-साडेपाचला कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात दूध संकलन केंद्रासमोर किटल्यांची रांग लागते. दूध काट्यावर ओतलं जातं, नमुना यंत्रात जातो, आणि वजन, फॅट, एसएनएफ, दर हे आकडे लाल अक्षरांत उजळतात. आकड्यांची ती पाटी दूध आणणाऱ्याकडे तोंड करून लावलेली असते. म्हातारी बाई मान वर करून बघते, मापाड्याला विचारते, “आज फॅट कमी का रं आलं?” तो उत्तर देतो, ती ऐकून घेते, पटलं नाही तर पुन्हा नमुना लावायला सांगते. मग छोट्या यंत्रातून चिठ्ठी निघते. ती चिठ्ठीची घडी घालते, कमरेच्या पिशवीत ठेवते, आणि रिकामी किटली घेऊन घराकडे वळते.